सासरी न सांगितलेलं दुखणं

अनसाक्का, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पवनेच्या काठी भाताचा पिंड ठेवला, माणसं नीट मागंही सरली नव्हती, तोवर एक कावळा उतरला आणि चोच मारून गेला. सगळे सुटल्यासारखे झाले. बायका म्हणाल्या, हिचं मन कशात अडकलं नव्हतं, सुखानं गेली. मी बाळाला पदराखाली घेऊन मागं बसले होते. मला त्या कावळ्याचा राग आला. तुझं मन कशात अडकलं होतं ते मला ठाऊक होतं. ते माझ्या शेजारीच बसलं होतं, आणि घरी जायची वेळ झाली तेव्हा त्याला उठता येईना.

तुझी कमळी गं. आधी तिचा घोटा सुजला होता. तो उतरला आणि गुडघा धरला. दाजींनी तिला खांद्यावर घेतलं. लोकांना वाटलं, आई गेली म्हणून पोर खचली. मी तिच्या गुडघ्याकडं बघत होते. तू मला जे सांगितलंस आणि कुणाला बोलू नकोस म्हणालीस, ते डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातल्याशिवाय कमळीच्या काळजाचं काही खरं नव्हतं. बोलावं तर तुझा शब्द मोडतो, न बोलावं तर पोरगी तुझ्याच वाटेनं जाते. तुझ्या तेराव्यापर्यंत मी हेच घेऊन वावरले. पिठात पाणी जास्त पडायचं, दूध उतू जायचं, बाळ रडलं तरी ऐकू यायचं नाही. आता थकले आहे, म्हणून तुझ्याशीच बोलायला बसले. मला लिहायची सवय नाही. आमच्याकडं निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून, तीही रझाकारांच्या धामधुमीत चौथीतच सुटली. मराठी अक्षरं मी मागाहून लावायला शिकले. चुकलं तर हस. तू हसायचीसच.

पहिल्या दिवशीही हसलीस. आमचे हे पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागले, आणि मी परभणीकडून एक ट्रंक, एक वळकटी घेऊन थेरगावात तुमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत आले. तू दारात उभं राहून मला न्याहाळलंस आणि विचारलंस, जेवलीस का. मी बावरून म्हणाले, "कामून?" तू पदर तोंडाला लावून हसत सुटलीस. "आगं, जेवायला काय कामून? भूक लागती म्हनून." झालं. त्या दिवसापासून माझं नावच कामून पडलं. म्हशीला सुद्धा तू सांगायचीस, सर बाजूला, कामून आली.

माझी माय मी लहान असतानाच गेली, बापानं दुसरं घर केलं. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, मला माहेरच नव्हतं. मला दिवस गेले ते तुलाच आधी कळलं. मी मनात हिशेब करत होते की आता कुणाला कळवायचं, आणि तू शेणाचे हात धुता धुता म्हणालीस, कळवायचं कुनाला, म्हायेर हितंच हाय. आक्का, हे वाक्य मी कितीदा मनात म्हणून बघितलं असेल. तुला मी ते कधी सांगितलं नाही. कशी सांगणार, तू चेष्टा केली असतीस.

चैत्रात तू मला चिंचवडला डॉक्टरीणबाईंकडं नेलंस. नदीला पाणी कमी होतं, आपण उतारातून पलीकडं गेलो. पलीकडच्या चढावर तू थांबत होतीस. दुधाची चरवी खाली ठेवायचीस, अंबाडा सोडून पुन्हा बांधायचीस, आणि मला म्हणायचीस, "ये दमानं, पोटुशी हायेस." मला वाटायचं, केवढी माया. आता वाटतं, मी तर तुझ्या बरोबरीनंच उभी असायची. मला कुठं दम लागला होता.

तुझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, डोळ्यांत घालायचं औषध घ्यायला आपल्याबरोबर आल्या होत्या. बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीला नळी लावली, काढली, पुन्हा लावली, आणि म्हणाल्या की थोडा आवाज येतोय. मी पदर छातीशी ओढला. माझी मायही छातीवर हात धरूनच गेली होती. बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, पोटात बाळ असलं की अंगात रक्त वाढतं, जोरानं वाहतं, त्याची ही सळसळ आहे, पुष्कळ पोटुश्या बायकांना असते, बाळंत झालीस की जाईल. तरी त्यांनी एकेक विचारून घेतलं. चढताना धाप लागते का, आडवं झोपवतं का, पायांवर सूज येते का, चक्कर येऊन पडलीस का कधी. मी नाही म्हणून मान हलवत राहिले. तू मधेच म्हणालीस, "भाकरी खाल्ली की डुलकी येती, येवढंच दुखनं हाय तिला."

बाई हसल्या, आणि मग तुझ्याकडं बघत राहिल्या. तुझ्या गालांकडं. तुझे गाल नेहमी लालसर. गावातल्या बायका म्हणायच्या, म्हशीचं दूध पिते, तिला काय धाड भरलीय. बाईंना त्यात काही वेगळं दिसलं असावं. त्यांनी तुला बसवलं. तू म्हणत होतीस, मी हिला आनलीया, मला काय झालंय. त्यांनी नळी लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. मग विचारलं, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, बरेच दिवस अंथरुणात होता का.

तू बाईंकडं बघितलं नाहीस. आत्याबाईंकडं बघितलंस. मला वाटलं, थोरल्या माणसासमोर कसं बोलू म्हणून बघतेस. आत्याबाई त्यांच्या औषधाची बाटली उजेडात धरून निरखत होत्या. तू म्हणालीस, "न्हाई वो बाई. म्हायेरी मला कंदी सर्दीबी झाली न्हाई."

बाई म्हणाल्या, आवाज आहे, पण या मुलीसारखा वाटत नाही. पुन्हा या, निवांत ऐकते, पुण्याला नेऊन छातीचा फोटोही काढायला हवा. तू यीन की म्हणालीस आणि चरवी उचललीस. वाटेत म्हणालीस, "आपुन दोघीबी वाजतोय गं. एक टाळ, एक मृदुंग." मी इतकी हसले. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं ना. आपल्या छातीतला आवाज म्हणजे काही नाही, एवढंच मी त्या दिवशी घरी घेऊन आले. तूही तेवढंच घेऊन आलीस.

माझं बाळंतपण तू केलंस. अंगाला तेल, शेक, शेपाची धुरी, डिंकाचे लाडू, सगळं. आषाढाच्या ओलीत तू चुलीवरची घागर उचलून मोरीत आणायचीस आणि दाराला टेकून उभी राहायचीस. मी विचारलं तर म्हणायचीस, धूर लागला. सव्वा महिन्यानं बाईंनी मला तपासलं, तर आवाज खरंच गेला होता. मी धावत येऊन तुला सांगितलं. तिथंच घोटाळा झाला. तू म्हणालीस, "बघ, गेला का न्हाई? माझाबी जाईल. न्हाई गेला तर ऱ्हाऊ दे, भाडं थोडंच मागतोय." मी म्हटलं, माझा पोटातल्या बाळामुळं होता, तुझं तसं नाही, बाई वेगळं म्हणाल्यात. तू म्हणालीस, छातीतला आवाज ह्यो छातीतला आवाज, त्यात बामनाचा येगळा आन् कुणब्याचा येगळा आसतो व्हय?

तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो कधी संपलाच नाही. तू भाताच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागलीस. मी बोलले की म्हणायचीस, आडवं झालं की छातीवर म्हैस बसल्यावानी वाटतं, बसूनच बरी झोप लागती. तिन्हीसांजेला तुझी जोडवी बोटांत रुतायची. तू सोनाराला शिव्या घालायचीस, मेल्यानं घट्ट केली. सकाळी तीच जोडवी सैल व्हायची, पण सकाळी कोण बघतंय. मी चिंचवडला चल म्हणायची आणि तू मला बाळाची झबली शिव म्हणायचीस. एकदा मी फारच मागं लागले तेव्हा चिडून बोललीस, "कामून, तुला येवढं भ्या वाटतंय तर तू जा आन् माझ्या वाटचं तपासून ये." मी खूप हसले नाही, थोडीच हसले. पण हसले.

दसऱ्याच्या सुमाराला कमळीचा घसा धरला. मीठपाण्याच्या गुळण्या केल्या, उतरला. मग दिवाळी झाल्यावर तिचा घोटा सुजला, अंगात ताप. आत्याबाई म्हणाल्या, कुठं तरी मुरगाळला असंल. तू परसात तिचा पाय मांडीवर घेऊन बसली होतीस. मी बाळाचे कपडे वाळत घालत होते. तू त्या घोट्यावरून हात फिरवत होतीस आणि तुझा चेहरा मी कधी बघितला नव्हता तसा झाला होता. कमळीला उचलून आत ठेवलंस, मला बोलावलंस आणि सांगितलंस.

"म्या येवढीच आसताना माझं आसंच झालं हुतं. आज हा सांधा, उद्या त्यो. म्हैनं म्हैनं आई मला उचलून परसाकडं न्यायची. मग झाले बरी. लग्नात आईनं हात धरून सांगितलं, ह्ये सासरी कंदी बोलायचं न्हाई. रोगट पोरगी गळ्यात मारली म्हनतील आन् आनून सोडतील."

मला तेव्हा दवाखान्यातला बाक आठवला, आणि तू कुणाकडं बघितलं होतंस ते. मी म्हटलं, आक्का, बाईंनी नेमकं हेच विचारलं होतं. आता तरी सांग. तुझ्यासाठी नको, कमळीसाठी सांग. तू म्हणालीस, कमळीचंच बघती मी, तिचंबी लगीन करायचंय, आईचंबी आन् लेकीचंबी आसंच म्हनल्यावर कोन उभं करंल. मी पुन्हा काही म्हणायला गेले तर आवाज चढवलास. "बोलू नगंस म्हनलं ना."

मी हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. बाळ रडल्याचं निमित्त करून खोलीत आले. आक्का, आपलं दोघींचं शेवटचं नीट बोलणं ते. त्यानंतर तुला खोकला धरला आणि मग बोलायला तुला श्वासच पुरला नाही.

शेवटच्या सकाळी तू पोत्याला टेकून बसली होतीस, ओठ जांभळट पडले होते. दाजी देहूरोडच्या डेपोत कामावर गेले नव्हते. बाई टांग्यातून आल्या. त्यांनी सुई दिली, पुण्याला न्या म्हणाल्या. दाजी बैल जुंपायला गेले. बैल जुंपून होईपर्यंत तू थांबली नाहीस. आत्याबाईंनी तुझा पदर सारखा केला आणि तिथंच खाली बसल्या. मला वाटलं त्या रडतील. रडल्या नाहीत.

बाई टांग्याशी उभ्या होत्या तेव्हा मी त्यांना गाठलं. मला एकच विचारायचं होतं. म्हटलं, माझ्या आंघोळीच्या घागरी उचलून असं झालं का. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, इतकी मेहनत नको होती हे खरं, पण तुझ्या घागरींनी तिची झडप अरुंद झाली नाही. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. काळजाला दारं असतात, रक्त त्यातून पुढं जातं. लहानपणी घसा बिघडून तो सांध्यांचा ताप येतो, त्यानं कुणाकुणाची दारं कडक होतात. माणसाला वाटतं बरं झालं, सांधे उतरले, पण दार वर्षानुवर्षं आवळत जातं. आवाज त्या दारातून घासून जाणाऱ्या रक्ताचा. तुझा आवाज, त्या मला म्हणाल्या, नुसता वाढलेल्या रक्ताचा होता, तिचा आजाराचा. आवाज आहे म्हणून कुणी मरत नाही आणि आवाज आहे म्हणून हसण्यावारीही न्यायचं नाही, कुठला आहे ते एकदा नीट ठरवून घ्यायचं. आणि धाप, सूज, बसून झोपणं यांतलं काही आलं तर दुसऱ्या दिवसाची सुद्धा वाट बघायची नाही. मग त्या म्हणाल्या, मी तिला विचारलं होतं, ती नाही म्हणाली. टांगेवाला घाई करत होता. मी काही बोलले नाही.

काही बोलले नाही, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. मी यांना विचारलं. आमचे हे मोजकं बोलणारे. म्हणाले, दुसऱ्याच्या घरची गोष्ट आहे, त्यात आपण भाडेकरू, परमुलखातले. मग चपला पायात घालता घालता म्हणाले, पण लेकरू आहे बग. बस, एवढंच. पुढं कंपनीचा भोंगा झाला आणि ते शिफ्टला गेले. दाजींशी असलं बोलायची माझी छाती नव्हती. राहिल्या आत्याबाई. ज्यांच्यापासून तू इतकी वर्षं लपवलंस त्यांनाच जाऊन मी काय सांगणार? मला वाटायचं, ऐकून म्हणतील, मेलेल्या बाईच्या नावानं काहीबाही रचते. किंवा खरं मानतील आणि तुझ्या आईचा उद्धार करतील. किंवा कमळीकडं वाकड्या नजरेनं बघायला लागतील, आणि तू जाऊनही तुझं तेच होईल ज्याची तुला भीती होती.

तेराव्याचे पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाई ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कमळी आत तापात कण्हत होती. मी त्यांच्यापुढं बसले आणि एका दमात सांगून टाकलं. तुझा सांध्यांचा ताप, तुझ्या आईनं हात धरून सांगितलेलं, दवाखान्यात तू नाही म्हणालीस ते, सगळं. आत्याबाई सोलत राहिल्या. मला वाटलं ऐकूच गेलं नाही.

मग म्हणाल्या, "म्हाईत हाय मला."

मी विचारलं, कधीपासून.

"लग्नाच्या दुसऱ्या सालीच कळलं. तिच्या गावची एक बाई हितं दिल्याली हाय, तिनं सांगितलं. म्या म्हनलं, पोरगी कामाची हाय, सोभावानं चांगली हाय, कशाला इचारायचं? इचारलं आसतं तर भ्याली आसती. म्हनली आसती, आता म्हातारी मला घालवती." त्यांनी आणखी एक शेंग सोलली. "डागदरीननं इचारलं तवा ती माझ्याकडं बघत हुती. मला दिसत हुतं. म्या बाटलीकडं बघितलं. तिला न्हाई सांगायचं, तर म्या कशाला उघडी पाडू तिला."

आक्का, तू त्यांना भिऊन गप्प राहिलीस, आणि तू भिऊ नयेस म्हणून त्या गप्प राहिल्या. एकाच चुलीपाशी, इतकी वर्षं. मला तिथं बसून तुझा राग आला, त्यांचा आला, तुझ्या आईचा आला. मग एकेकाचा राग उतरत गेला. कुणाचं काय चुकलं ते मला धरता येईना. सुपातल्या शेंगा संपल्या होत्या, आत्याबाई रिकाम्या टरफलांतच बोटं फिरवत होत्या. मी हात धरला तेव्हा थांबल्या. म्हणाल्या, "तुझ्या दाजीला गाडी जुंपाय सांग."

बाईंनी कमळीला आडवी निजवून, कुशीवर वळवून, बसवून, पुष्कळ वेळ ऐकलं. काही विचारायच्या आत आत्याबाईंनीच सांगायला सुरुवात केली. पोरीचा घसा कधी धरला, कुठला सांधा आधी, कुठला मागनं, आणि हिच्या आईला हिच्याएवढी असताना काय झालं होतं. काही म्हणता काही गाळलं नाही. बाई म्हणाल्या, पोरीच्या काळजात बारीक आवाज आहे. तो राहील की जाईल ते आज सांगता येत नाही. आता काही आठवडे तिनं अंथरुणातून उठायचं नाही. मग दर महिन्याला पेनिसिलिनची सुई, मोठी होईपर्यंत. पळायला लागली, हसायला लागली, तरी सुई चुकवायची नाही. घसा जरा दुखला तरी इथं आणायची. लवकर आणलीत, म्हणाल्या. मी तुझ्यासाठी ते ऐकून घेतलं. खरंच लवकर आहे की बाई आम्हाला धीर यावा म्हणून म्हणाल्या, ते मला ठाऊक नाही. मला आता कशाचीच खात्री वाटत नाही. रात्री उठून मी बाळाच्या छातीला कान लावते. बाई म्हणतात, तसं करू नकोस, वेड लागेल.

आक्का, तुझा शब्द मी मोडला. तू असतीस तर माझ्याशी अबोला धरला असतास, आणि मी तो सोसला असता. मला तोच हवा होता गं, तुझा अबोला. गोठ्याच्या भिंतीपलीकडून मुद्दाम मोठ्यानं म्हशीशी बोललेली तू.

परत येताना गाडी गावात शिरली. कमळी गाडीत निजली होती, डोकं आत्याबाईंच्या मांडीवर. पाराशी बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, पोरीला काय झालं. मी खाली मान घातली. माझ्या तोंडात मुरगाळल्याचं तयार होतं. दाजींनी बैलांना हाकायला हात उचलला. आत्याबाई म्हणाल्या, थांबव. गाडी थांबली. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सांध्याचा ताप हाय. काळजाला धरतोय. तिच्या आईलाबी ह्योच हुता. म्हैन्याच्या म्हैन्याला सुई द्यायची हाय."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हातारी पुढं आली, आवाज बारीक करून म्हणाली, "आगं, आसं गावात बोलू नये. उद्या पोरीचं लगीन कसं व्हायचं?"

आत्याबाईंनी कमळीच्या अंगावरची चौघडी सारखी केली.

"आदी मोठी तर हुंदे," म्हणाल्या, आणि दाजींना गाडी हाक म्हणून सांगितलं.